शिसवीच्या मुठीवर तेल का वाळत नाही?

तीन वर्षांपूर्वी मी ताईसाठी भाजीची एक सुरी बनवली. पात्याला पाणी घरच्याच लहान भट्टीत दिले होते. मुठीसाठी मात्र कोकोबोलो नावाच्या लाकडाच्या दोन पट्ट्या मुद्दाम मिळवल्या होत्या. मध्य अमेरिकेतल्या या लाकडात तांबूस, नारिंगी आणि काळ्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या असतात. मूठ घासून गुळगुळीत केली, तिच्यावर डॅनिश ऑइल नावाच्या तेलमिश्रणाचे तीन हात दिले, आठवडाभर सुकवली आणि दिवाळीला ताईच्या हातात ठेवली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "अरे, ही सुरी भाजी चांगली कापते, पण हात सोडत नाही." मूठ चिकट राहिली होती आणि तिच्यावर बोटांचे ठसे उमटत होते. आणखी एका महिन्यानेही त्यात फरक पडला नाही. चूक तेलाची नव्हती आणि लाकडाचीही नव्हती. ती दोन्ही एकत्र आणण्याची होती. ती समजून घ्यायची, तर मुठीवर आपण जे लावतो ते नेमके काय काम करते, इथूनच सुरुवात करावी लागते.

सुऱ्या बनवणाऱ्यांच्या जगात 'एक्झॉटिक' म्हणून जी लाकडे मिरवतात, त्यांतली बरीचशी डालबर्जिया या एकाच वंशातली आहेत. कोकोबोलो (डालबर्जिया रेट्युसा) आणि आफ्रिकन ब्लॅकवुड (डालबर्जिया मेलॅनॉक्सिलॉन) ही त्यांतली प्रसिद्ध नावे, आणि त्यांचीच सख्खी बहीण म्हणजे आपली शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. अमेरिकेतल्या कारागिराला जे लाकूड 'ईस्ट इंडियन रोजवुड' म्हणून भारी दराने विकत घ्यावे लागते, त्याचेच जुने कपाट आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात अंधाऱ्या खोलीत उभे असते. त्यामुळे पुढे मी कोकोबोलोविषयी जे सांगतो आहे, त्यातले बरेचसे शिसवीलाही लागू पडते, आणि मोडक्या शिसवी फर्निचरचा तुकडा मुठीसाठी वापरणाऱ्याने तर ते अवश्य ध्यानात घ्यावे.

लाकूड म्हणजे झाड उभे असताना पाणी वर नेणाऱ्या नळ्यांचा आणि तंतूंचा जुडगा. झाड तोडले, फळ्या काढल्या, त्या वर्षानुवर्षे वाळवल्या, तरी या तंतूंची पाण्याची ओढ संपत नाही. हवा दमट असेल तर ते हवेतली वाफ शोषतात आणि फुगतात. हवा कोरडी झाली की ती सोडून देतात आणि आकसतात. साधारण २५ अंश सेल्सिअसला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के झाली तर तोच आकडा सुमारे १६ टक्क्यांवर जातो. पुण्यातली एप्रिलमधली दुपार आणि ऑगस्टमधला झडीचा आठवडा डोळ्यांसमोर आणले, तर हे दोन्ही आकडे एकाच घरात एकाच वर्षात येऊ शकतात, हे लक्षात येईल.

आता याचा हिशेब मुठीवर मांडून पाहू. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. ते हलते रुंदीत, आणि त्यातही खोडाच्या वर्तुळांना समांतर असलेल्या दिशेने अधिक. वर्तुळांना काटकोनात असलेल्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे. शिसवीसारखे लाकूड पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत पहिल्या दिशेने सुमारे ६ टक्के आकसते. हा सगळा प्रवास साधारण ३० टक्के ओलाव्यापासून शून्यापर्यंतचा असतो. आपला उन्हाळा-पावसाळ्याचा फरक १० टक्क्यांचा, म्हणजे त्याच्या एक तृतीयांश. तेव्हा हालचाल २ टक्के. मुठीची उंची २५ मिलिमीटर धरली तर अर्धा मिलिमीटर, म्हणजे वरच्या कडेला पाव आणि खालच्या कडेला पाव. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु या दोन पट्ट्यांच्या मध्ये जे पोलाद आहे ते ओलाव्याने तसूभरही हलत नाही. उन्हाळ्यात लाकूड आत जाते आणि पोलादाची कड वर राहते, आणि ती पाव मिलिमीटरची पायरी नखाला तर लागतेच, पण अर्धा तास कांदे चिरणाऱ्या तळहातालाही लागते. पट्ट्या पोलादाला जखडणाऱ्या रिव्हेटच्या भोवती पडणारी केसासारखी भेगही बहुतेकदा याच ओढाताणीतून येते.

म्हणून फिनिशचे, म्हणजे लाकडावर दिलेल्या थराचे, पहिले काम चमक देणे हे नसून पाण्याची ये-जा मंदावणे हे आहे. मी 'थांबवणे' न म्हणता 'मंदावणे' म्हणतो, कारण हवेतली वाफ पूर्णपणे अडवेल असे कोणतेही तेल, लाख किंवा व्हार्निश नाही. चांगला थर दिला तर सिंकमध्ये पडलेली सुरी दहा मिनिटांत पाणी पिणार नाही आणि आठवडाभराची झड मुठीच्या गाभ्यापर्यंत पोहोचणार नाही, एवढेच साधते, आणि तेवढे पुरतेही. या कामात सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ती मुठीची दोन टोके. लाकडातल्या पाणी नेणाऱ्या नळ्या तिथेच उघड्या पडलेल्या असतात, आणि एखाद्या बाजूच्या पृष्ठभागापेक्षा टोकाकडचा छेद कितीतरी पटींनी वेगाने पाणी ओढतो. पात्याला लागून असलेले पुढचे टोक तर पट्ट्या चिकटवल्यानंतर नीट घासताही येत नाही. म्हणून ते आधीच पूर्ण घासून, त्यावर फिनिश देऊन मगच पट्ट्या चिकटवाव्यात. माझ्या पाहण्यात आलेल्या फुटक्या मुठींपैकी बहुतेकींची भेग या पुढच्या टोकापासूनच निघालेली होती.

आता तेलाकडे वळू. तेल 'वाळते' हा शब्दच फसवा आहे. धुतलेला सदरा दोरीवर वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. जवसाचे तेल तसे उडून जात नाही. दुधाला विरजण लागून दही होते, तसे ते जागच्या जागी घट्ट होते. जवसाच्या तेलात निम्मा किंवा त्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या साखळीत अशा जागा असतात, जिथे हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो, त्यातून अस्थिर तुकडे तयार होतात, ते शेजारच्या साखळीला पकडतात, ती पुढच्या साखळीला पकडते, आणि अशी एकात एक गुंतत गेलेली जाळी शेवटी पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनवते. तुंग तेलात हे याहूनही चांगले घडते. खोबरेल तेलात मात्र अशा जागा जवळपास नसतातच, म्हणून ते कितीही दिवस ठेवले तरी तेलच राहते; शेंगदाणा तेलही घट्ट होत नाही, उलट काही महिन्यांनी खवट वास मारू लागते. घरातले स्वयंपाकाचे तेल मुठीला चोळणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा. क्रिकेटच्या नव्या बॅटला जवसाचेच तेल का लावतात आणि खोबरेल का लावत नाहीत, याचे उत्तरही यातच आहे.

कच्चे जवस तेल घट्ट व्हायला कित्येक आठवडे घेते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' या नावाने जे मिळते त्यात प्राणवायूशी चालणारी ही क्रिया वेगाने व्हावी यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. डॅनिश ऑइल म्हणजे असेच तेल, थोडे व्हार्निश आणि पातळ करणारा द्रव यांचे मिश्रण. प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे.

आणि इथे शिसवीची जात आडवी येते. डालबर्जिया वंशातल्या झाडांच्या गाभ्यात किडीला आणि बुरशीला दूर ठेवणारी अनेक रसायने साठलेली असतात. या लाकडांचा गडद रंग, रंधा मारताना सुटणारा तो गोडसर वास आणि त्यांचा टिकाऊपणा त्यांच्याच कृपेने. यांतली काही रसायने, उदाहरणार्थ शिसवीतले लॅटिफोलिन, उत्तम प्राणवायूरोधक आहेत. तेलात जो अस्थिर तुकडा शेजाऱ्याला पकडायला निघतो, त्याला ही रसायने वाटेतच गाठून शांत करतात. साखळी पुढे सरकत नाही आणि जाळी विणली जात नाही. विरजण घातलेल्या भांड्यात कुणी काही मिसळावे आणि दूध दुधासारखेच राहावे, तसा हा प्रकार आहे. लाकडाला लागून असलेला थर आठवडेच्या आठवडे चिकट राहतो, आणि त्यावर तुम्ही आणखी एक हात दिला तर वरचा थर वाळल्यासारखा वाटतो, पण खाली सगळे ओलेच असते. ताईच्या सुरीवर मी नेमके हेच केले होते. तेलावर आधारलेल्या पॉलियुरेथेन व्हार्निशचीही या लाकडांवर हीच गत होते. हे प्रत्येक तुकड्यात सारखे घडत नाही, एकाच फळीच्या दोन टोकांतही फरक पडतो, म्हणून "माझ्याकडे तर चांगले वाळले" असे सांगणारा माणूसही खोटे बोलत नसतो.

मग करावे काय? माझे स्पष्ट मत असे आहे की कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवुड यांसारख्या लाकडांना बहुतेक वेळा काहीच लावू नये. कोकोबोलोचे वजन घनमीटरला १,१०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे पाण्यात टाकले तर ते बुडते. त्याच्या नळ्या आधीच राळेने आणि तेलाने भरलेल्या असतात. निसर्गाने जे काम करून ठेवले आहे, त्यावर बाटलीतले तेल ओतून फारसे काही वाढत नाही. अशी मूठ बारीक कागदाने घासत नेली आणि कापडी चाकावर किंवा जाड सुती फडक्याने जोरात चोळली, की ती स्वतःच्याच तेलाने उजळते. त्यावर मेणाचा एक हात दिला की झाले. मेणाने पाणी अडते असे मात्र समजू नये. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, गरम पाण्याने धुताना मऊ पडते आणि काही आठवड्यांत निघून जाते. त्याचा उपयोग स्पर्शापुरता.

शिसव कोकोबोलोपेक्षा हलकी असते आणि तिची छिद्रे डोळ्यांना दिसतील इतकी मोठी असतात, त्यामुळे तिला उघडे सोडणे स्वयंपाकघरात परवडत नाही. तिच्यासाठी उपाय आपल्या सुतारांच्या जुन्या पॉलिशच्या डब्यात आहे, तो म्हणजे चपडा लाख. लाख हे केरिया लॅक्का या किड्याचे स्रवण. भारतात ती झारखंड आणि छत्तीसगड या पट्ट्यात पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर सर्वाधिक पिकते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट उडून गेले की घट्ट होते. म्हणजे इथे खरोखरच सदरा वाळतो तसे वाळणे आहे. प्राणवायूचा या क्रियेत काही संबंध नाही, आणि म्हणून लाकडातली रसायने तिच्यात काही मोडता घालू शकत नाहीत. लाखेचे दोन-तीन पातळ हात दिले की लाकडातले तेल खाली बंद होते, आणि मग वर तेल-व्हार्निशचे मिश्रण लावले तर ते बिनतक्रार घट्ट होते.

लाख वापरताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. साध्या चपड्यात तीन ते पाच टक्के मेण असते, आणि त्या मेणावर व्हार्निश नीट धरत नाही. म्हणून मेण काढलेली लाख घ्यावी, किंवा साधी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन दिवस स्थिर ठेवावी आणि वरचा स्वच्छ भाग अलगद ओतून घ्यावा. दुसरे म्हणजे लाख ताजीच विरघळवावी, कारण वर्षभर बाटलीत राहिलेले मिश्रण नीट घट्ट होत नाही. दहा ग्रॅम चपडा आणि सुमारे ८० मिलिलिटर स्पिरिट एका मुठीला पुरून उरते. नुसत्या लाखेवर मात्र स्वयंपाकघरातली सुरी सोडू नये. साबणाचा क्षार, गरम पाणी आणि दारू या तिन्हींपुढे लाख हार मानते.

सुपरग्लू, म्हणजे आपण ज्याला फेविक्विक म्हणतो ते, हाही मुठीचा फिनिश म्हणून अनेकजण वापरतात. त्याच्या पातळ जातीने भेगा आणि छिद्रे उत्तम भरतात, आणि हवेतल्या ओलाव्यानेच ते घट्ट होत असल्यामुळे प्राणवायूरोधकांची अडचण येत नाही. परंतु त्याचा जाड थर काचेसारखा कडक असतो. लाकूड हलते, पोलाद हलत नाही, आणि ती काच नेमकी दोघांच्या सांध्यावर तडकते. तडा गेला की पाणी आत जाते आणि थराखाली अडकून बसते, जे मुळात उघड्या लाकडापेक्षाही वाईट. छिद्रे भरण्यापुरते ते वापरावे आणि वरचा थर घासून काढावा. सुती फडक्याने ते पुसू नये, कारण कापसावर ते इतक्या वेगाने घट्ट होते की फडके तापून धूर निघतो.

आता घासण्याविषयी. फिनिशचा निकाल निम्म्याहून अधिक इथेच लागतो. शिसवीच्या मुठीला १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार द्यावा, मग २२०, ३२०, ४०० असे चढत जावे, आणि प्रत्येक नंबरला आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबावे. २२० नंतर ओल्या फडक्याने मूठ एकदा पुसावी. दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात आणि वाळल्यावर हाताला खरखर लागते, ती पुढच्या कागदाने काढून टाकावी. हे आत्ताच केले नाही तर पहिल्या धुण्यानंतर ती खरखर ग्राहकाच्या हाताला लागते. शेवटचे घासणे नेहमी रेषांच्या दिशेने.

लाकडाबरोबर मधले पोलाद आणि रिव्हेटही घासले जातात, आणि त्यांची काळी पूड लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते. गडद शिसवीत ती लपते. ऑलिव्ह किंवा मेपलच्या फिकट मुठीवर मात्र राखाडी मळ दिसतो. पुढे ओल लागली तर पोलादाची पूड आणि लाकडातले टॅनिन मिळून निळे-काळे डाग पडतात. हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून कापड काळे रंगवत, तीच ही रासायनिक क्रिया. यावर उपाय असा की ३२० नंबरला आल्यावर लाखेचा एक अगदी पातळ हात द्यावा. छिद्रांची तोंडे बंद होतात, पुढची पूड आत न जाता वरच राहते आणि पुसली जाते. मग ४०० वर थांबावे. काचेसारखी चमक हवी म्हणून २००० पर्यंत जाणे शोकेसमधल्या सुरीला शोभते; मासळी साफ करताना ओल्या हातात ती मूठ निसटते. जपानी स्वयंपाकघरातल्या पारंपरिक सुऱ्यांची मूठ हो नावाच्या हलक्या मॅग्नोलिया लाकडाची असते आणि बहुधा काहीही न लावता ठेवलेली असते, ती ओल्या हाताला धरून राहावी म्हणूनच.

लाखेवर तेल-व्हार्निशचा हात देताना एकच नियम पाळावा. लावावे, दहा मिनिटे थांबावे, आणि वर राहिलेले सगळे पुसून काढावे. मूठ तेलात चार दिवस बुडवून ठेवणाऱ्यांची समजूत अशी असते की तेल गाभ्यापर्यंत जाईल. प्रत्यक्षात बाजूच्या पृष्ठभागातून ते मिलिमीटरभरही जात नाही, आणि जे आत जाते त्याला प्राणवायू मिळत नसल्याने ते ओलेच राहून पुढे उन्हात बाहेर पाझरते. चोवीस तासांच्या अंतराने चार पातळ हात पुरेत. पावसाळ्यात हे अंतर दुप्पट ठेवावे.

पुसलेल्या फडक्यांचे काय करायचे, हे फिनिशपेक्षाही महत्त्वाचे आहे. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात साठत जाते आणि काही तासांत तो बोळा आपोआप पेटू शकतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग जवस तेलाच्या अशाच फडक्यांपासून सुरू झाली आणि तीत तीन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला. फडके उघड्यावर एकेरी पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

हलक्या, छिद्राळ किंवा बुरशीने नक्षी पडलेल्या लाकडांसाठी आणखी एक मार्ग आहे, त्याला स्टॅबिलायझिंग म्हणतात. लाकूड आधी ओव्हनमध्ये पूर्ण वाळवतात, राळेत बुडवून निर्वात पंपाने त्यातली हवा काढतात, राळ आत शिरली की ९० अंशांच्या आसपास तापवून ती घट्ट करतात. मग ते लाकूड जवळजवळ प्लॅस्टिकसारखे वागते. तेलकट लाकडांवर हा खर्च करू नये. राळेला आत जागाच नसते.

या लाकडांची पूड अंगावर घेऊ नये, हेही सांगायला हवे. किडीला पळवणारी तीच रसायने काहींच्या त्वचेवर पुरळ उठवतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती प्रत्येक वेळी वाढत जाते. लाकडाची पूड कर्करोगकारक पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे. एन-९५ मास्क लावूनच घासावे. सुरी परदेशी पाठवायची असेल, तर डालबर्जिया वंश २०१७ पासून साइट्स या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, हे ध्यानात ठेवून आधी नियम पाहून घ्यावेत.

ताईची सुरी मी परत आणली. टर्पेंटाइनने चिकट थर पुसला, २२० पासून पुन्हा घासली, ॲसिटोनने पृष्ठभागावरचे तेल काढले आणि ते पुन्हा वर येण्याआधी, तासाभराच्या आतच, लाखेचे दोन हात टोकांवर आणि रिव्हेटभोवती दिले. बाकी मूठ नुसतीच चोळून सोडली. सुरी सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही आणि धुतली की लगेच पुसायची, एवढेच तिला सांगितले. तिच्याकडे गेलो की मी मुठीच्या पाठीवरून नख फिरवून पाहतो. मेमध्ये पोलादाची कड किंचित लागते, गणपतीच्या सुमारास लागत नाही.